बिनशेपटीचा मासा

किनवटच्या मुलींच्या वसतिगृहात जेवणघराच्या भिंतीवर सहस्रकुंडाचा धबधबा रंगवलेला होता. वरून पांढराशुभ्र कोसळायचा आणि खाली, मुली जिथं पाठ टेकून बसत तिथं, त्याचा डोह. दहावीच्या मुली शाळा सोडताना त्या डोहात एक मासा काढून जात. लुंबिनीच्या थोरल्या बहिणीच्या वर्गाचा पिवळा मासा तिथं होता. यंदा लुंबिनीच्या वर्गाची पाळी होती.

नव्या अधीक्षिका शिवकन्या मॅडम उदगीरच्या. त्यांना मासे दिसलेच नाहीत, दिसले ते तेलाचे डाग. रविवारी न्हाणं झालं की मुली डोक्यावर तेल थापत, एकमेकींच्या वेण्या घालत आणि भिंतीला डोकं टेकून गप्पा ठोकत. डोहाचं पाणी पार कळकट झालं होतं.

"भिंतीला छातीच्या उंचीपर्यंत चॉकलेटी ऑइलपेंट मारून टाकू," शनिवारी सकाळी मॅडम म्हणाल्या. "मग डाग पडला तरी दिसायचा नाही. उद्या सांजच्याला लालमहंमद पेंटर येतील."

साऱ्या मुली खाली मान घालून उभ्या. लुंबिनीची मान मात्र ताठ.

"मॅडम, रंग नका मारू. भिंत आम्ही साफ करतो."

"उलट बोलून राहिलीस?"

"न्हाई मॅडम, सरळच बोलून राहिले."

"बरं. पेंटर येईपर्यंत करा काय करायचं ते. मग माझ्याकडं रडत यायचं नाही."

"न्हाई रडणार."

बोलून तर बसली, पण भिंत साफ करायची कशी, हे तिला तरी कुठं ठाऊक होतं? ती विचार करतेय तोवर पाचवीतली उमैमा कामाला लागलीसुद्धा. इस्लापूरची पोर ती, धबधबा तिच्या गावचा! बादलीत कपड्यांची पावडर फेसाळून, कुंचा घेऊन तिनं खसाखसा घासायला सुरुवात केली. बघता बघता पिवळं पाणी जमिनीवर ओघळलं. बहिणीच्या माशाची शेपटी गेली.

लुंबिनीचा हात उगारला गेला.

"ताई, मी तर त्याला आंघोळ घालत व्हते..." उमैमा बादलीमागं सरकली.

उगारलेला हात लुंबिनीनं खाली घेतला आणि कुंचा काढून घेतला. चूक झाली की माणूस एक तर ओरडतो, नाही तर ती चूक नीट बघतो. लुंबिनीनं बघितली. कोरड्या भिंतीवर बोट फिरवलं, तर बोटाला पांढरी भुकटी लागली. म्हणजे हा साधा डिस्टेंपर. पाणी आणि घासणं, दोन्ही त्याचे वैरी.

"आता आधी दाराआडच्या कोपऱ्यात करून बघायचं," ती म्हणाली. "तिथं बिघडलं तर कुणाला दिसत न्हाई."

ओलं फडकं लावलं, रंग फडक्यावर आला. जुन्या ओढणीचं मऊ फडकं गच्च पिळून हलकेच टेकवलं, मळ आला आणि रंग जागेवर राहिला. तेल मात्र ढिम्म हलेना.

"घरी तेल सांडलं की माय त्याच्यावर पीठ टाकते," लुंबिनी पुटपुटली. "पीठ तेल पिऊन घेतं."

"पीठ कोण देतंय आपल्याला?" एकीनं टोमणा मारला.

"खडू तर हायत!"

वर्गावर्गातून खडूचे तुकडे आले, दगडाखाली त्यांचा भुगा झाला. मुलींनी आधी कोरड्या फडक्यानं धूळ झाडली. मग तेलाच्या डागांवर भुगा तळहातानं नुसता दाबला, रात्रभर तसाच राहू दिला आणि सकाळी झटकला. जिथं डाग हट्टी, तिथं पुन्हा भुगा. शेवटी पिळलेलं फडकं, तेही खालून वर. वरून पुसलं तर मळकं पाणी खालच्या कोरड्या भिंतीवर ओघळतं आणि त्याचे पट्टे उठतात. त्या रविवारी डोक्याला तेल कुणीच लावलं नाही.

सांजच्याला लालमहंमद पेंटर डबा घेऊन दारात आले. "हां पोरींनो, कुठून सुरू करू?"

मुली भिंतीसमोर ओळीनं मांडी घालून बसल्या, भिंतीपासून वीतभर पुढं, पाठी ताठ. मॅडम आल्या. डोहाचं पाणी निळं दिसत होतं. दोन-चार डाग पुसट उरले होते. पण मॅडमचं बोट नेमकं पिवळ्या माशावर गेलं.

"ही शेपटी कुठं गेली?"

"आम्ही घासली म्हणून गेली," लुंबिनी बसल्या जागेवरून म्हणाली. "मग घासणं सोडलं. बाकीचे मासे बघा, एकाचा खवला गेला न्हाई."

"आज साफ दिसतेय. पुढच्या रविवारी पुन्हा डोकी टेकवाल. डागाळलेली भिंत मला चालत नाही."

तेवढ्यात ओळीच्या टोकाहून बारीक आवाज आला. "मॅडम, तुमच्या हापिसात खुर्चीच्या मागं भिंतीवर बी डाग हाय. तेलाचा. लई मोठा."

उमैमा! पेंटरांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. मॅडमचा हात आपसूक आपल्या अंबाड्याकडे गेला.

"हापिसात बी चॉकलेटी मारायचा का, मॅडम?" पेंटरांनी अगदी अदबीनं विचारलं.

मॅडमनी अंबाड्यावरचा हात झटकन खाली घेतला. मग म्हणाल्या, "न्हाणीघराचे दरवाजे रंगवा आधी." आणि ओळीकडे वळून, आवाज चढवूनच, "भुगा उरलाय का तुमचा?"

"उरलाय," लुंबिनी उठली. "पण घासायचं न्हाई, मॅडम. नुसता दाबायचा."