रीमाच्या हातावरचा झोत

वालीवच्या औद्योगिक वसाहतीत रोझलिनची छोटी प्रयोगशाळा आहे. कारखान्यांमध्ये पत्रा कापायला, वेल्डिंगला, भांड्यांवर नाव कोरायला लेझर वापरतात. त्यांची शक्ती मोजायची आणि त्यांचा झोत कसा पडतो ते तपासायचं, हे तिचं काम. गिऱ्हाइकं बहुतेक कारखानदारच. त्यामुळे पापडीहून डॉक्टर कॅथरिनचा फोन आला तेव्हा तिला वाटलं, चर्चच्या सणाचं काहीतरी असेल. दोघी एकाच गावातल्या, एकाच शाळेत शिकलेल्या. पुढे एक भौतिकशास्त्राकडे गेली आणि दुसरी त्वचारोगतज्ज्ञ झाली.

कॅथरिनने सणाचा विषय काढलाच नाही. "रोझ, माणसांवर वापरायचा लेझर मोजतेस का तू?" तिने विचारलं.

मग तिने सगळं सांगितलं. पाणजू बेटावरची रीमा नावाची मुलगी तिच्याकडे हातावरचा टॅटू काढून घ्यायला येत होती. मुलीला निमलष्करी दलात भरती व्हायचं होतं आणि सलामीच्या हातावर टॅटू चालत नाही, म्हणून घरच्यांनी तिला आणलं होतं. सुरुवातीच्या बैठकी नीट पार पडल्या. शाई फिकट होत चालली होती. नंतरच्या एका बैठकीनंतर मात्र हातावर बारीक बारीक फोड आले आणि ते बसल्यावर पांढुरके खळगे राहिले. मुलगी रोज सकाळी बांधावरून धावायचा सराव करायची. उपचारानंतर ऊन टाळायला सांगितलं असूनही हिने ऐकलं नसणार, असं कॅथरिनला वाटलं, आणि तिने मुलीच्या आईला तसं स्पष्ट सांगितलंही. पण परवा एका निवृत्त बाईंच्या मनगटावर तसेच फोड उठले. त्या बाई गुडघ्यांमुळे घराबाहेरच पडत नव्हत्या.

"म्हणजे दोष उन्हाचा नव्हताच," कॅथरिन म्हणाली.

तिने मशीन बंद केलं आणि विकणाऱ्या एजन्सीला कळवलं. त्यांचा सुमेध नावाचा तंत्रज्ञ येऊन मीटरने तपासून गेला. पडद्यावर जेवढी ऊर्जा मागावी तेवढीच बाहेर पडत होती. मशीन चांगलं आहे, एकाच जागी दोनदा झोत पडला असेल, असं तो नम्रपणे सांगून गेला. तेव्हापासून कॅथरिनचा स्वतःच्या हातावर भरवसा राहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रोझलिन पेट्या घेऊन पापडीच्या दवाखान्यात गेली. सुमेधही आला. दोघींनी आणि त्याने काळपट चष्मे लावले, दाराला कडी घातली. रोझलिनने आधी तेच केलं जे सुमेधने केलं होतं: झोत जिथून बाहेर पडतो त्या हातात धरायच्या हँडपीससमोर मीटर ठेवलं आणि एकामागून एक स्पंदनं, म्हणजे प्रकाशाचे क्षणिक झटके, सोडली. आकडे स्थिर होते. आपल्या मीटरचा सेन्सर उष्णतेने बहकला नाही ना, हे पाहायला तिने मध्ये थांबून पुन्हा मोजलं. फरक नव्हता.

"सुमेध, तुमचं मोजमाप बरोबर आहे," ती म्हणाली. "ऊर्जा जेवढी हवी तेवढीच आहे. पण ती ठिपक्यात कुठे पडते ते या मीटरला कळत नाही."

सुमेधने मान हलवली. त्याच्याकडे त्यासाठी उपकरणच नव्हतं, हे त्याने सरळ सांगितलं.

रोझलिनने दुसरी पेटी उघडली. तिच्यात झोताचा नकाशा काढणारा कॅमेरा होता. असला झोत थेट कॅमेऱ्यावर पडला तर कॅमेरा जागच्या जागी जळतो. म्हणून तिने वाटेत एक तिरकी काच ठेवली. तिच्यावरून अगदी थोडा प्रकाश परावर्तित होऊन बाजूला जाई आणि बाकीचा एका काळ्या धातूच्या ठोकळ्यात जिरे. त्या थोड्या प्रकाशासमोरही तिने एकीवर एक काळसर काचा लावल्या. कॅमेरा नेमका तेवढ्याच अंतरावर ठेवला, जेवढ्यावर पेशंटची त्वचा असते. हे सगळं मांडण्यात सकाळ गेली. कॅथरिन खुर्चीत बसून बघत होती आणि अधूनमधून वाजणारा मोबाइल उलटा करून ठेवत होती.

पहिल्या स्पंदनाला संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटलं. या मशीनचा ठिपका सगळीकडे सारखाच असायला हवा होता, म्हणजे पडद्यावर एकाच रंगाची गोल चकती दिसायला हवी होती. चकती दिसली, पण तिचा बराचसा भाग फिका होता आणि एका कडेला लालभडक सुळका उभा राहिला होता. शेजारी आणखी लहान लहान सुळके होते. रोझलिनने पुन्हा स्पंदन सोडलं. सुळका तिथेच.

"हे काय आहे?" कॅथरिनने विचारलं.

"तुझ्या पेशंटचे फोड," रोझलिन म्हणाली. "एकूण ऊर्जा तेवढीच, पण तिचा मोठा वाटा एवढ्याशा जागेत पडतोय. तिथली कातडी भाजते, आणि बाकीची शाई तशीच राहते."

दोष कुठे आहे ते शोधायला तिने हँडपीस जागच्या जागी थोडा फिरवला. पडद्यावरचा सुळकाही तेवढाच फिरला. म्हणजे दोष मशीनच्या पोटात नव्हता, हँडपीसमध्येच होता. सुमेधने तो काळजीपूर्वक उघडला आणि आतलं भिंग दिव्यासमोर धरलं. भिंगाच्या लेपावर टाचणीच्या टोकाएवढा जळका डाग होता. तो कधी पडला, धुळीने की पुसताना राहिलेल्या थेंबाने, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

सुमेध म्हणाला की नवीन भिंग दोन-चार दिवसांत येईल. जाता जाता तो असंही म्हणाला की भिंग बदललं की विषय संपला, लेखी अहवालाची तशी गरज नाही.

तो गेल्यावर कॅथरिनने उघडा हँडपीस कपड्यात गुंडाळून ठेवला. मग खिडकीकडे बघत तिने विचारलं, "तू लिहिणार का हे सगळं?"

"जे दिसलं ते लिहीन. ते पुढे कुणाला दाखवायचं, ते तू ठरव."

हे बोलताना रोझलिनला बरं वाटलं नाही. कॅथरिनचा चेहरा उतरलेला तिला दिसत होता. या दवाखान्यासाठी ती किती राबली होती, हेही तिला ठाऊक होतं. पण त्या चित्राबद्दल गप्प बसायचं असेल, तर ते काढायला यायचंच कशाला, असं तिला वाटलं. पेट्या बांधून ती निघाली. कॅथरिन दारापर्यंत आली.

नंतर काही दिवस फोन नव्हता. रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात कॅथरिनने तिला गाठलं आणि विचारलं, "पाणजूला येशील माझ्याबरोबर? मला ते चित्र नीट समजावून सांगता येणार नाही."

नायगावच्या धक्क्यावरून बोट मिळाली. खाडी शांत होती. कॅथरिनने अहवालाची पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. बेटावर रीमाचं घर लगेच सापडलं. वडील काशीराम ओट्यावर बसले होते. आई जिजाने पाणी आणून दिलं आणि दाराशी उभी राहिली. रीमा आतून आली तेव्हा तिने उजवा हात ओढणीखाली घेतला होता.

कॅथरिनने फार आढेवेढे घेतले नाहीत. "रीमाच्या हाताला जे झालं, ते उन्हाने झालेलं नाही," ती म्हणाली. "माझ्या मशीनमध्ये बिघाड होता. मी न तपासता तिला दोष दिला. ते चुकलं माझं."

मग रोझलिनने अहवालातलं चित्र काढून ओट्यावर ठेवलं. तव्याखाली जाळ एकाच बाजूला लागला तर भाकरी तिथेच करपते आणि बाकीची कच्ची राहते, तसं झालं, असं तिने सांगितलं. काशीराम वाकून ते चित्र बघत राहिले. जिजाने मात्र चित्राकडे पाहिलं नाही.

"तुम्ही बोललात, पोरगी ऐकत नाय," ती कॅथरिनला म्हणाली. "म्हनून मी तिचा धावना बंद केला. इतके दिस घरान बसवली. बापूस तिच्याशी धड बोलला नाय. ता कोन भरून देनार, बाय?"

कॅथरिनने खाली मान घालून ते ऐकून घेतलं.

रीमा चित्राजवळ बसली. ओढणीतून हात काढून तिने तो कागदाशेजारी ठेवला. लाल सुळका आणि हातावरचे खळगे तिने एकदा इकडे, एकदा तिकडे बघून ताडून पाहिले.

"म्हणजे मी धावले म्हणून नाही झालं?"

"नाही," रोझलिन म्हणाली. "तुझा काहीच संबंध नव्हता."

रीमाने वडिलांकडे पाहिलं. काशीरामांनी कागद उचलून दुमडला आणि तिच्या हातात दिला. "उद्यापास्ना जा बांधावर," ते म्हणाले. एवढंच. रीमा उठून आत गेली, आणि आतून तिचं रडणं ऐकू आलं. जिजा तिच्यामागे गेली.

परतीच्या बोटीत कॅथरिन म्हणाली की पुढचे उपचार रीमाला हव्या त्या डॉक्टरांकडे होतील आणि त्याची सोय ती स्वतः करील. त्या निवृत्त बाईंकडेही ती त्याच संध्याकाळी जाऊन आली.

त्या वर्षीची भरती रीमाच्या हातून गेली. सराव तुटला होता आणि हातही पुरता बरा झाला नव्हता. मुंबईच्या एका डॉक्टरांनी उरलेली शाई काढली. खळगे पुष्कळसे भरले, तरी जवळून बघितले तर दिसतात. पुढच्या वर्षी मैदानी चाचणीत ती पहिल्या काही मुलींमध्ये आली. वैद्यकीय तपासणीत तिला हाताबद्दल विचारलं गेलं. भाजल्याची खूण आहे, असं तिने सांगितलं, आणि ती पात्र ठरली. हे रोझलिनला काशीरामांनीच फोन करून कळवलं.

सुमेधच्या एजन्सीने स्वतःचा कॅमेरा घ्यायला वेळ लावला. तोवर त्यांनी विकलेल्या बाकीच्या मशीनचे झोतही तपासायला रोझलिनलाच बोलावलं गेलं. त्यातल्या एका मशीनवर तिला तसाच सुळका सापडला, अजून कुणाच्या अंगावर फोड उठण्याआधी.