पहिला घोट

भिगवणच्या स्टँडसमोर आमचं चहाचं हॉटेल. मागच्या खोलीत माझी चूल, पुढं मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, टेबल आणि बाकडी. चहाला मी उभ्या जन्मात माप लावलं नाही. पाण्याचा आवाज जाड झाला की आलं टाकायचं, आल्याचा कच्चा वास मेला की पावडर, आणि वास डोक्यात भिनला की पातेलं खाली. वरकुट्याची माणसं हातची एसटी सोडून दुसरा कप मागायची. मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू.

पंच्याण्णवच्या थंडीत सर्दी-तापानं लोळवलं आणि उठले ती नाक गमावून. जिभेला गोड-खारट तेवढं कळे. वास मात्र कशाचाच येईना, अगदी रॉकेलचासुद्धा. हे मी एकट्या मालकांना सांगितलं. म्हटलं, "पैला घोट तुमी घ्यायचा. बिघडला तर तोंडावर सांगायचं. सांगाल त्या दिवशी मी चूल सोडती."

"व्हय," म्हणाले.

तेव्हापासून मालकांनी दिवसाला दोनच पातेली ठरवली, मी दमू नये म्हणून. मालक मागं येत, घोट घेत, "जमलाय, सारजे," म्हणत आणि किटली भरून पुढं नेत. दीड वर्ष मी त्या एका शब्दावर काढलं.

मग एकदा कळसचे सर्जेराव, आमचं जुनं गिऱ्हाईक, पाणी प्यायला मागं आले. सहज बोलून गेले, "वयनी, करा आता आराम. सूनबाईचा बी हात बसलाय की चहाला."

सून म्हणजे मनिषा. चूल सोडून मी कधी पुढं जात नसे; ती तिथं भजी तळते, एवढंच मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी पातेल्यात साखरेऐवजी मीठ घातलं, चांगलं मूठभर. मालक आले, घोट घेतला. गळ्याची घाटी वर-खाली झाली. "जमलाय," म्हणाले आणि किटली भरून निघाले.

मी मागोमाग गेले. भिंतीआड त्यांनी किटली गटारात रिकामी केली. पुढं भज्यांच्या कढईशेजारी दुसऱ्या स्टोव्हवर मनिषाचा चहा उकळत होता. तिच्या हातात पावडरीचा चमचा होता, मोजायचा.

"कवापासनं?" मी विचारलं.

"पैल्याच आठवड्यापासनं," मालक खाली बघत म्हणाले. "तुला वाईट वाटलं असतं."

"वाटू द्यायचं हुतं. तुमचं नाक मागितलं हुतं मी. तेवढं बी दिलं न्हाय."

अंगाचा नुसता भडका उडाला. मिठाचा चहा थुंकायचं सोडून हा माणूस गिळतो आणि माझ्या तोंडावर गोड बोलतो. सगळ्या स्टँडला ठाऊक, आणि मी मुलखाची येडी मागं पाण्याला कान लावून बसलेली.

मी गिऱ्हाइकाच्या बाकड्यावर जाऊन बसले. मनिषाला म्हटलं, "एक कप दे."

तिनं दिला. गरम होता, गोड होता. चांगला होता का, ते मला कळेना. आणि ज्याला विचारावं असं माणूस तिथं एकही उरलं नव्हतं.