निवटीचा बॅनर

सीईटीचा निकाल सकाळी लागला आणि दुपारी समीक्षा इंजिनिअर झाली. तिने अजून प्रवेशासाठी एकही कॉलेज निवडलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. पण गावाच्या नाक्यावर बॅनर लागला होता, आणि पनवेलच्या आसपासच्या गावांत बॅनर लागला की गोष्ट झाली असंच धरतात. बॅनरवर एका कोपऱ्यात समीक्षा, तिच्या दुप्पट तिचे वडील हरेश, आणि दोघांच्या डोक्यावर गॉगल लावून हात जोडलेले दाजी. खाली सोनेरी अक्षरं: 'भावी कॉम्प्युटर इंजिनिअर'.

दाजी गावचे पुढारी. त्यांच्या फोटोशिवाय गावात बारशाचासुद्धा बॅनर लागत नसे. खाडीत भराव टाकायचं कामही त्यांच्याच डंपरांकडे. म्हणजे गावाने वर बघितलं तरी दाजी आणि खाली बघितलं तरी दाजी.

समीक्षाचा जीव मात्र उरलीसुरली जी खाडी होती तिच्यात अडकलेला. ओहोटीला चिखलावर निवट्या निघत, पुढच्या परांवर रेलून सरपटत, डोळे वटारून भांडत. मासा असून हा प्राणी पाण्याबाहेर जगतो कसा, हे तिला शाळेपासून विचारायचं होतं. बाकीचं गाव निवटीचं कालवण करतं आणि विषय संपवतं.

जेवताना तिने धीर केला. "पप्पा, मना इंजिनिअरिंग नको. बी.एस्सी. करायचीय. झूलॉजी."

"त्यात काय शिकवतात?"

"खाडीतले जीव. निवट्या, चिंबोऱ्या."

हरेशचा घास हातातच राहिला. "चिंबोऱ्या? माझे आज्यानं जल्मभर चिंबोऱ्या पकरल्या, त्याला कोनी फी मागली व्हती? आमी त्या चिखलातून बाहेर आलो, नि तू फी भरून परत चिखलात चाललीस? आपला धनेश बघ. इंजिनिअर झाला!"

चुलतभाऊ धनेश इंजिनिअर झाला होता हे खरं. त्याचाही बॅनर लागला होता. तेव्हापासून तो दाजींच्या ऑफिसात बसून डंपरच्या खेपा मोजत होता.

"तो डंपर मोजतो, पप्पा."

"पन इंजिनिअर हाय ना?" हरेश म्हणाला. मग आवाज खाली आणून त्याने खरं कारण सांगितलं. "नि आता बॅनर लागलाय गो. दाजींचा फोटो हाय त्यावर. तो कोन उतरवनार?"

समीक्षाला रडू फुटलं. सगळं आयुष्य चार बांबूंना सुतळीने बांधून टाकल्यासारखं तिला झालं. पण रडून झाल्यावर बापाचं ते शेवटचं वाक्य तिच्या डोक्यात पुन्हा पुन्हा येऊ लागलं.

दुसऱ्या दिवशी ती पनवेलात मितेशच्या फ्लेक्सच्या दुकानात उभी होती. अर्ध्या तालुक्याचं भविष्य मितेशच छापत असे.

"मजकूर?" त्याने विचारलं.

"प्राणिशास्त्राला प्रवेश घेतल्याबद्दल अभिनंदन."

"घेतला का?"

"अजून नाही."

"मग बरोबर आहे," मितेश म्हणाला. "प्रेरणास्थान टाकू? प्रेरणास्थान असलं की फोटो मोठा करता येतो."

"टाका. दाजी."

सकाळी नाक्यावर पहिल्या बॅनरला लागून दुसरा उभा. केवढी तरी निवटी, आणि तिच्याहून मोठे दाजी. हरेश तणतणत कोयता घेऊनच आला. पण सुतळी कुठलीही कापली तरी आधी दाजीच तोंडावर आपटणार होते. तो कोयता धरून नुसता उभा राहिला, आणि टपरीवरचा चहा लोकांच्या हातात गार होत गेला.

तेवढ्यात दाजींची गाडी आली. दाजी उतरले, गॉगल काढला, बराच वेळ बॅनरवरच्या स्वतःकडे पाहिलं.

"मीच बोल्लो व्हतो पोरीला," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "खाडी हाय म्हनून आपन हाव! हरेश, पोरीचा फॉर्म आजच भर."

त्यांच्या मागून त्यांचेच दोन डंपर भराव घेऊन खाडीकडे गेले. समीक्षाने ते पाहिलं. तिने तरीही हात जोडले, आणि त्या हातांची तिला लाज वाटली.

फॉर्म भरून बापलेक परतले तेव्हा वाऱ्याने नव्या बॅनरचा एक कोपरा सुटला होता. हरेशने मोटारसायकल थांबवली आणि तो सुतळी आवळू लागला.

"मना न विचारता लावलास," तो म्हणाला.

"तुमी तरी मना कुठं विचारलं व्हतं?"

हरेशने गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "तीन वर्सांनी काय व्हशील गो? पुढचे बॅनरला 'भावी' म्हनून काय लिवायचं?"

"नाय माहीत, पप्पा," समीक्षा म्हणाली. ते खरं होतं आणि तिला त्याची भीतीही वाटत होती.

हरेशने निवटीकडे पाहिलं, दाजींकडे पाहिलं. या बॅनरवर तो स्वतः कुठेच नव्हता. सकाळी कोयता हातात असताना त्याला सगळ्यात आधी तेच दिसलं होतं.

"मग ती जागा मोकली ठेव," तो म्हणाला. "तितं माझा फोटो टाक."