हक्काचा गाडा

पाऊस आला म्हणून आमच्याकडे कुणी काम थांबवत नाही. थांबवलं असतं, तर चिलीच्या या चिलोए बेटावर आजवर एकही लग्न लागलं नसतं. त्या दिवशी सकाळपासून धार लागली होती, पण वारा नव्हता, समुद्र निजल्यासारखा होता आणि बंदर उघडं होतं. परदेशी पाहुण्यांनी मात्र हॉटेलातूनच नकार कळवले होते. आणि नंबर नेमका माझ्या बोटीचा होता.

पेंग्विन दाखवणाऱ्या आमच्या बोटी नंबरानं सुटतात. खाडीला धक्का नाही, किनारा उथळ. म्हणून पाहुण्यांना उंच चाकांच्या गाड्यावर बसवायचं आणि गाडा पाण्यातून ढकलत बोटीपर्यंत न्यायचा. नंबर कुणाचाही असो, गाडा सगळ्या बोटवाल्यांनी मिळून ढकलायचा, हा नियम माझा नवरा रोसामेल आणि त्याचा भाऊ एरिबेर्तो यांनीच घातलेला. गेल्या हिवाळ्यात रोसामेल छातीच्या दुखण्यानं गेला. बोट माझी झाली. नौदलाच्या साहेबासमोर परीक्षा देऊन परवानाही मी मिळवला. पण बाईच्या हातात सुकाणू शोभत नाही, तुझा नंबर माझ्या बोटीला जोडून टाक, असं एरिबेर्तो म्हणायला लागला. मी नाही म्हटलं. तेव्हापासून माझा गाडा कुणी ढकलेना.

भांडण नाही, शिवीगाळ नाही. नुसते हात खिशात. मागच्या खेपेला माझी माणसं ताटकळली आणि शेवटी एरिबेर्तोच्या बोटीत जाऊन बसली. लागोपाठ दोन खेपा बोट सुटली नाही, की नंबर जातो, हाही नियमच आहे. म्हणजे आज नाही सुटली, तर संपलं.

एरिबेर्तोच्या दारी जा, असं सगळ्यांनी मला सुचवून पाहिलं. आमच्या बेटावर सफरचंदाच्या दारूचा बुधला घेऊन कुणाच्या दारात उभं राहिलं आणि मदत मागितली, तर समोरचा नाही म्हणत नाही. नाही म्हणणाऱ्याला गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही. एरिबेर्तोही नाही म्हणाला नसता. तो त्याचीच तर वाट बघत होता. बटाटे काढायचे असते, आमच्याकडे नेतात तसं अख्खं लाकडी घर ओढून दुसरीकडे न्यायचं असतं, तर मी दहा उंबरे झिजवले असते. पण गाडा माझ्या हक्काचा होता. हक्कासाठी पदर पसरला की त्याची मेहरबानी होते, आणि मेहरबानी आज असते, उद्या नसते. माझा जीव गेला तरी मी जाणार नव्हते.

दहाच्या सुमाराला कास्त्रोहून एक खटारा बस आली. तिच्यातून लोकर विणणाऱ्या म्हाताऱ्यांचं अख्खं मंडळ उतरलं. सगळ्या जन्मापासून बेटावरच्या, पण पेंग्विन एकीनंही पाहिलेला नाही. त्यांची म्होरकी औरिस्तेला. ती म्हणाली, मेंढरं, पोरं आणि नवरा सांभाळण्यात जन्म गेला, आता सुटं जनावर बघायचंय.

मी त्यांना माझं नाव सांगितलं आणि खरं काय तेही. माझी मुलगी यास्ना बोट घेऊन पाण्यात उभी आहे, पण गाडा ढकलायला आज माणूस नाही. बघायचंच असेल तर दुसरी बोट मिळेल. बाजूच्या छपराखाली एरिबेर्तो आणि बाकीचे माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, पीत उभे होते. औरिस्तेलानं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू विचारलंस त्यांना?"

"नाही. आणि विचारणारही नाही."

मग हातातली पिशवी खाली ठेवून तिनं डोक्यावरची ओली शाल नीट केली आणि कुणाच्या दारात उभं राहून बोलावं तशी ती बोलली, छपराखाली ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"नोल्फाबाई, आम्ही तुमच्या दाराशी आलोय. आम्हाला पेंग्विन दाखवा, एवढीच विनंती आहे. कष्टाला आम्ही आहोत. जेवणही आमचं."

आता मलाच नाही म्हणायची सोय उरली नाही. माझे डोळे भरून आले, पण पावसात ते कुणाला कळणार?

"आजी, पाणी कमरेइतकं आहे," मी म्हटलं. "गार आहे."

"पोरी, माझ्या बापाचं घर आम्ही बैलांच्या बरोबरीनं डोंगर चढवून नेलंय. गाड्याचं काय घेऊन बसलीस!" तिनं बायकांकडे वळून हुकूम सोडला. "गुडघे गेलेल्या वर बसा. शाबूत आहेत त्या खाली."

गुडघ्यांवरून थोडी वादावादी झाली. मग स्कर्ट वर खोचून म्हाताऱ्या पाण्यात उतरल्या. डाव्या चाकाशी मी उभी राहिले. गाडा परत खेचायला मागून दोर बांधला आणि त्याचं टोक बसच्या ड्रायव्हरच्या हातात दिलं. घर ओढताना द्यायची हाळी औरिस्तेलानं दिली आणि चाकं वाळूतून सुटली. एक लाट थेट छातीवर आली, तेव्हा दोघीतिघी किंचाळल्या आणि मग हसतच सुटल्या. छपराखाली मात्र कुणीही हसत नव्हतं.

ढकलणाऱ्याही गाड्यावरून बोटीत चढल्या आणि बोट सुटली. मी सुकाणू धरलं आणि खडकांकडे वळवलं. पावसात पेंग्विन लपत नाहीत, उलट ऐटीत उभे असतात. छातीवर एक पट्टा असलेले आणि दोन पट्टे असलेले, दोन जातींचे पेंग्विन आमच्या खडकांवर शेजारी घर करतात. त्यातला नर कोण, मादी कोण, असं एकीनं विचारलं. मी म्हटलं, बघून कळत नाही, अंडीसुद्धा दोघं आळीपाळीनं उबवतात. औरिस्तेलानं त्या पक्ष्यांकडे नव्यानं पाहिलं. "शहाणे आहेत," ती म्हणाली.

पलीकडे कातळावर समुद्रसिंहांचा कळप लोळत होता. त्यांच्या वासानं सगळ्यांनी नाकं धरली. परत फिरताना शेवाळात उताणं पडलेलं समुद्री पाणमांजर दिसलं. पोटावर खेकडा ठेवून ते तो निवांत फोडून खात होतं. म्हाताऱ्या थंडीनं कुडकुडत होत्या, पण निघू या असं कुणी म्हणेना.

आम्ही किनाऱ्याकडे वळलो, तेव्हा भरती चढली होती. आता ड्रायव्हर एकटा काय करणार, ही काळजी मला लागली होती. पण गाडा आधीच पाण्यात होता. चाकांना सगळे बोटवाले लागलेले होते आणि पुढे छातीभर पाण्यात एरिबेर्तो होता. माझ्याकडे न बघता त्यानं एकेकीला हात देऊन उतरवून घेतलं.

किनाऱ्यावर पिशव्या उघडल्या. बटाट्याचे मिलकाओ अजून कोमट होते, वर चरबीचे कुरकुरीत तुकडे. एरिबेर्तो निथळत माझ्यापाशी आला. मी आभार मानीन, असं त्याला वाटलं असावं. मी मानले नाहीत.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "तू एकदा मागितलं असतंस, तर आम्ही आलो नसतो का?"

"आला असता, भाऊजी. म्हणूनच मागितलं नाही."

औरिस्तेलानं त्याच्या हातावर एक मिलकाओ ठेवला. "खांदा लावलास ना? मग खा," ती म्हणाली. त्यानं मान खाली घालून खाल्ला.

दुसऱ्या दिवशीही पाऊस होता. नंबर एरिबेर्तोचा होता. रोसामेलचे छातीपर्यंतचे बूट चढवून मी त्याच्या गाड्याच्या डाव्या चाकाशी जाऊन उभी राहिले. त्यानंही मला विचारलं नव्हतं.