विनाकारण उभे राहिल्याबद्दल

मसाउको आणि एल्युबीचं लग्न ठरलं. दोन्हीकडच्या मामांनी हातात हात घेऊन ठरवलं. साक्षीला माणसंही भरपूर होती, त्यांतली निम्मी चोर. तेव्हा अभिनंदन वगैरे जे काही करायचं असेल ते इथेच उरकून घ्या, कारण कोर्टात, चर्चमध्ये आणि खुद्द मुलीच्या मामांच्या तोंडी असं काही झालेलंच नाही. आपणही झालं नाही असंच धरून चालू.

शनिवारी सकाळी मसाउको मक्याच्या गिरणीमागे लपला होता. धंद्याने तो सायकल-टॅक्सीवाला, मागच्या गादीवर माणूस बसवून बाजार ते दवाखाना फेऱ्या मारणारा. लपण्याचा त्याला सराव नव्हता. पण मुलीला मागणी घालायला जातो तो मुलाचा मामा, आणि त्या दिवशी मुलगा स्वतः तिच्या घराजवळ दिसला तर हावरट ठरून मागणी फिसकटते. दिसायचं नाही म्हणून तो लपला, आणि बघितल्याशिवाय राहवेना म्हणून समोरच्याच गिरणीमागे लपला. हातात रिकामं पोतं धरलं होतं, म्हणजे कोणी हटकलं तर दळणाला आलोय म्हणता आलं असतं. कारण नगर परिषदेने नवा नियम काढला होता: सार्वजनिक जागी सबळ कारणाशिवाय उभं राहिल्यास आत. बसून राहिल्यासही आत. चालताना दिसलात तर कुठे निघालात ते विचारून मग आत.

एल्युबीच्या कुंपणाबाहेर बिस्विकमामा उभे होते. अंगात उसना कोट, त्यात अजून एक मामा मावला असता. काखेत लाल कोंबडा. रीत अशी की बाहेर नुसतं उभं राहायचं. पाहुण्याने हाक मारायची नाही, टाळी नाही. आतल्यांनी पाहून न पाहिल्यासारखं करायचं. जितकं जास्त ताटकळत ठेवतील तितका मुलीचा मान. आणि कशाला आलात हे उघड बोलायचं नाही. बोलायचं ते कोंबड्याचं आणि कोंबडीचं.

आत एल्युबीचे मामा लायसन बसले होते. बाप वारल्यापासून भाचीचं सगळं त्यांच्या शब्दावर. ते जोहान्सबर्गला एका इमारतीवर रखवालदार होते आणि त्यांच्या खिशात संध्याकाळच्या बसची दोन तिकिटं होती, एक स्वतःचं आणि एक भाचीचं. तिकडे एका बाईकडे तिला धुणीभांड्याला लावणार होते. "मागणी रीतसर आली तर राहील," ते बहिणीला म्हणाले होते. "नाही आली तर नेतो. पोरीने इथे कुणाची वाट बघत बसायचं?"

तर मसाउकोचं सगळं आयुष्य त्या वेळी बिस्विकमामांच्या काखेत पाय झाडत होतं. आणि पोलिसांची लॉरी आली.

कॉन्स्टेबल उतरला. तो उत्तरेकडचा; त्यांच्यात लग्नाला गायी देतात, कोंबड्याचं त्याला काय.

"इथे काय करताय, बाबा?"

"कोंबडा हरवलाय."

कॉन्स्टेबलने काखेकडे पाहिलं. "हा कोण मग?"

"हाच तो."

"म्हणजे सापडला की."

"मला सापडला. त्याला अजून सापडायचंय. ह्या घरात एक कोंबडी आहे असं त्याच्या कानावर आलंय."

"बाबा, नीट सांगा. ह्या घरात काम काय आहे तुमचं?"

"ते मी कसं सांगू? ते त्यांनी मला विचारायचं असतं."

कॉन्स्टेबलने कुंपणावरून हाक मारली, "अहो, हा माणूस तुमच्याकडे आलाय का?"

पाहुण्याच्या वतीने कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला नाही म्हणायचं असतं. लायसनमामांनी बाहेर न बघताच, खास ह्या प्रसंगासाठी राखून ठेवलेल्या भारदस्त आवाजात उत्तर दिलं, "आमच्याकडे कोणीही आलेलं नाही."

बिस्विकमामांना हा मान आवडला असावा. ते हसत हसत लॉरीत चढले. मसाउकोने ओरडायला तोंड उघडलं, पोतं तोंडात कोंबलं, आणि लॉरी नजरेआड झाल्यावर सायकलला टांग मारली.

ठाण्यावर सार्जंट कालिंडे होते, इथलेच, सगळं जाणणारे. कोंबड्याच्या पायाला मुद्देमालाची चिठ्ठी बांधता बांधता ते म्हणाले, "मला कळत नाही का रे? माझ्या भाच्याच्या वेळी मी उन्हात इतका उभा होतो की गुडघे अजून दुखतात. पण तेव्हा हा नियम नव्हता."

"मग सोडा ना, साहेब. संध्याकाळी बस आहे."

"ज्याच्या दारात उभे होते तो येऊन सांगू दे, माझ्याकडेच आले होते म्हणून. लगेच सोडतो."

"मी सांगतो. माझ्यासाठीच मागणी घालायला..."

"गप्प बस, गाढवा," कोठडीतून मामांचा आवाज आला. "स्वतःच्या तोंडाने बायको मागतोस? त्यापेक्षा चोरी कर. चोरीत निदान अब्रू राहते."

कोठडीतल्या एका चोराने मान डोलावली.

मसाउकोने एल्युबीला फोन लावला. ती म्हणाली, "इकडे मामा कधीचे वाट बघतायत. म्हणतात, अजून थोडं उभं करू, पोराकडचे दमाचे दिसतायत."

"एल्युबी, बाहेर बघ. तिथे कोणी नाहीये."

ती बघून आली. मग फोन ठेवून मामांकडे गेली.

तिने मामांची काय समजूत घातली ते तिलाच ठाऊक, पण दुपारी लायसनमामा ठाण्याकडे निघाले. माणूस वाईट नव्हता. पण रीतीला पक्का. मुलीकडचा माणूस मुलाकडच्यांच्या मागे धावत गेला असं दिसता कामा नये, म्हणून ते आत शिरले नाहीत. ठाण्यासमोरच्या आंब्याखाली, कोणीतरी आत बोलावेल म्हणून, उभे राहिले.

मसाउको पायरीवरून बघत होता. धावत जाऊन 'मामा, आत चला' म्हणावं, तर आज त्यांना तोंड दाखवायची बंदी. तो सार्जंटला सांगायला आत पळाला. सांगून बाहेर येईतो लॉरी दुसऱ्या फेरीवरून परतली होती आणि लायसनमामा तिच्यात चढत होते. ठाण्यासमोरून ठाण्यात, लॉरीने. जन्मभर उभं राहण्याचा पगार घेतलेला माणूस फुकट उभं राहिल्याबद्दल पकडला गेला.

"ह्यांना सोडा, हेच तर साक्षीदार," मसाउको रडकुंडीला आला.

"आता आरोपी आहेत," सार्जंट म्हणाले. "आरोपीची साक्ष कशी चालेल?"

संध्याकाळची बस गेली. पुढची मंगळवारी होती. कोर्ट सोमवारी. आणि मधला रविवार, खरं सांगायचं तर, मसाउकोच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस ठरला. सकाळी तो न्सिमाचे, म्हणजे शिजवलेल्या मक्याच्या पिठाचे, गोळे आणि सुकी मासळी घेऊन गेला तर दोन्ही मामा कोठडीच्या दोन कोपऱ्यांत पाठ फिरवून उभे. कोणी बोलायचं कसं? बिस्विकमामांना बाहेर उभं राहायला हवं होतं आणि बाहेर जाता येत नव्हतं. शेवटी चोरांतल्या एका सायकलचोराने तोड काढली. भिंतीजवळची बादली म्हणजे कुंपण. बिस्विकमामा बादलीपलीकडे उभे राहिले. लायसनमामांनी मनासारखं ताटकळत ठेवलं. मग विचारलं, "कोण आहे बाहेर?" आणि सगळी कोठडी एकदम म्हणाली, "कोंबडा हरवलाय."

दुपारपर्यंत ठरलं. "तिकीट परत करतो," लायसनमामा म्हणाले. मामांनी हातात हात घेतला. चोरांनी गाणं म्हटलं. शेजारच्या खोलीत टेबलाच्या पायाला बांधलेला मुद्देमाल आरवला. राहिली फक्त कोंबडा-कोंबडीची अदलाबदल, तीही सुटल्याबरोबर करायची होती. मसाउको बाहेर पायरीवर बसून हे ऐकत होता. बसल्याबद्दल कॉन्स्टेबलने हटकलं, तर उठून त्यालाच मिठी मारली.

सोमवारी दंडाधिकारी बाईंनी सगळ्यांना एकदम समजावलं. विनाकारण उभे होतो असं कबूल करेल त्याला ताकीद देऊन सोडू. कारण होतं म्हणेल त्याची चौकशी होईल, तोवर आत. पुढची तारीख महिनाअखेर.

लायसनमामांना आधी पुकारलं. मंगळवारची बस चुकली असती तर नोकरी गेली असती, आणि त्या नोकरीवर गावात अकरा तोंडं जगत होती. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "मी विनाकारण उभा होतो."

मग बिस्विकमामा. लग्न ठरलं होतं, त्यामुळे आता त्यांना उघड बोलायची मुभा होती. त्यांनी कोट सारखा केला. "बाई, मी भाच्यासाठी मुलगी मागायला उभा होतो. आणि ती ह्यांनी दिली. हेच ते."

बाईंनी लायसनमामांना परत पुढे बोलावलं. "हे खरं आहे? तुमचं ह्या माणसाशी काही काम होतं?"

कोर्टातला पंखा फिरत होता. मसाउको मागच्या बाकावरून त्यांच्या मानेकडे बघत होता. मान नुसती हलली असती तरी चाललं असतं.

"मी ह्यांना ओळखत नाही," लायसनमामा म्हणाले.

बिस्विकमामा रागावले नाहीत. त्यांना वाटलं, ही पहिली हाक असेल. परत कोठडीकडे नेताना ते वळून वळून बघत होते, बाई दुसरी हाक कधी मारतायत म्हणून.

मंगळवारी बसस्टँडवर तिकिटाशिवाय उभं राहायला बंदी होती. म्हणून मसाउको बसभोवती सायकलने फेऱ्या मारत राहिला. एल्युबी खिडकीत होती. दर फेरीला एक वाक्य.

"मामा कालपासून जेवले नाहीत."

फेरी.

"मी विचारलं, ठरलं होतं ना? म्हणाले, ठरलं होतं."

फेरी.

"मग चला सांगू म्हटलं, तर म्हणाले, कोर्टाला खोटं सांगितल्याचं दुसरं कलम लागेल."

फेरी.

"मी उतरते म्हटलं, तर मामाचा शब्द मोडू नकोस म्हणून आई पाया पडली. थांब ना रे जरा."

"थांबता येत नाही," मसाउको म्हणाला आणि पुढे गेला. पुढच्या फेरीला बस सुरू झाली होती. त्याच्या पुढच्या फेरीला बसची नुसती रिकामी जागा होती. तो तिच्याभोवतीही फिरत राहिला, कारण उतरला असता तर उभं राहावं लागलं असतं, आणि कारण विचारलं असतं तर काय सांगणार.

बुधवारी त्याने ठाण्यात अर्ज दिला. तो असा:

मा. ठाणे अंमलदार यांस, अर्जदार मसाउको, सायकल-टॅक्सीचालक, सविनय विनंती करतो की श्री. लायसन यांना जोहान्सबर्गहून, भाचीसह, परत आणून विनाकारण उभे राहिल्याबद्दल पुन्हा अटक करावी, व एका रविवारपुरते त्याच कोठडीत श्री. बिस्विक (हजरच आहेत) यांच्यासोबत, त्याच चोरांसह ठेवावे. बादली तीच असावी. मुद्देमालातील कोंबडा हजर करावा. तो खाल्ला गेल्याचे सार्जंटसाहेबांकडून कळते, तरी तेवढ्याच वजनाचा दुसरा, लाल, चालेल. कोंबडी अर्जदार आणेल. झालेल्या बोलण्याची आपल्या सहीशिक्क्याने नोंद व्हावी, म्हणजे ते झाले होते असे धरता येईल. उत्तर येईपर्यंत अर्जदार ठाण्यासमोर उभा राहणार नाही, फेऱ्या मारत राहील, त्या काळात त्यास कुठे निघालास असे कृपया विचारू नये, ही विनंती.