असं कोण बोलतं?

"आईचे मुलावर उत्कट प्रेम असते."

वाक्यवाल्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून वाक्य खणखणीत वाचलं आणि ओट्याकडे बघत थांबले. ओट्यापाशी कोणी नव्हतं. आठ महिने झाले, कोणी नव्हतं. तरी उत्तर आलंच, त्याच हसऱ्या, जराशा खवचट आवाजात.

"अहो, असं कोण बोलतं?"

त्यांनी कार्ड टराटरा फाडलं. सकाळपासूनचं हे सहावं.

शब्दकोशाच्या कचेरीत त्यांना सगळे वाक्यवालेच म्हणत. शब्दांचे अर्थ लिहायला मोठमोठे विद्वान होते. अर्थाखाली एक साधं वाक्य घालायचं, एवढंच काम ह्यांच्याकडे. दिसायला किरकोळ, पण नियम कडक. वाक्य रोजच्या बोलण्यातलं हवं, आणि कार्डाच्या मागे ते कुठे म्हटलं गेलं, हे लिहायचं. आता कचेरीत बसून माणूस रोजचं बोलणं कुठून आणणार? म्हणून लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ते कार्डं घरी घेऊन आले आणि बायकोला वाचून दाखवायला लागले. तिचं हातातलं काम चालू असायचं. वाक्य पटलं तर ती नुसती 'हं' म्हणायची. नाही पटलं तर, "असं कोण बोलतं?" आणि वर स्वतःच एखादं फेकायची.

'आगाऊ'ला तिनं दिलं होतं, "तुमचा धाकटा भाऊ भारी आगाऊ आहे." भावानं ते पुढे छापलेलं वाचलं आणि दोन वर्षं घराची पायरी चढला नाही. ती मात्र पोट धरधरून हसली होती. एकतीस वर्षं हे असं चाललं. हजारो कार्डांच्या मागे वाक्यवाल्यांच्या बारीक अक्षरात एकच शब्द होता: घरी.

ह्या नव्या आवृत्तीत विशेषणांचा गठ्ठा सगळ्यात शेवटी घेतला होता. तोही संपत आला होता. राहिलं होतं एकच कार्ड, 'उत्कट'चं.

फोन वाजला. संपादिकाबाई होत्या.

"काका, अहो एका शब्दासाठी तीन आठवडे? छापखान्यातून रोज विचारतायत."

"देतो. आज देतो."

"आज नाही आलं ना, तर मी जुन्या आवृत्तीतलंच टाकणार. कवीचं निसर्गावर उत्कट प्रेम होतं, ते."

"ते नको हो बाई. असं कोण..." वाक्यवाले मध्येच थांबले.

"काय म्हणालात?"

"काही नाही. पाचच्या आत येतो."

त्यांनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसले. खरं सांगायचं तर वाक्य अडलेलंच नव्हतं. वाक्य त्यांच्याकडे होतं, आठ महिने होतं. ते लिहायची भीती वाटत होती, एवढंच. आणि दुसरं कुठलंही लिहिलं की तो आवाज हसत होता.

ती दवाखान्यात होती तेव्हा ते कार्डं घेऊन तिच्या खाटेशी बसत. तिला तेवढाच विरंगुळा, असं सगळ्यांना सांगत. खरा आधार त्यांनाच होता. त्या दुपारी डॉक्टर त्यांना बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले होते. म्हणाले होते, "आता इथे आम्ही फारसं काही करू शकत नाही. घरी न्यायचं असेल तर न्या." वाक्यवाल्यांनी नुसती मान हलवली होती. घरी न्यायचं म्हणजे हात टेकले असं कबूल करायचं, आणि ते त्यांच्याच्यानं होत नव्हतं. आत येऊन ते काही झालंच नाही अशा थाटात गठ्ठा सोडत बसले. वरचं कार्ड 'उत्कट'चं होतं. तिनं मान वळवून ते पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

मग म्हणाली, "मला एकदा घरी जाऊन खिडकीत बसायची उत्कट इच्छा झालीय."

आणि ते हसले होते. एकतीस वर्षांची सवय, दुसरं काय? पेनाचं टोपण काढता काढता म्हणाले होते, "असं कोण बोलतं?"

तीही हसली. "हो ना," म्हणाली, "पुस्तकी वाटतंय." आणि भिंतीकडे वळली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, ते औषध आणायला खाली गेले असताना, ती गेली.

तिला वाक्य द्यायचं नव्हतं. तिला घरी जायचं होतं. ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली ती तिचे कपडे पिशवीत भरताना, आणि तेव्हापासून त्यांना धड झोप नव्हती.

वाक्यवाल्यांनी नवं कार्ड घेतलं. सावकाश लिहिलं. मग उठून दारात गेले आणि ओट्याकडे बघून वाचायला लागले. 'खिडकीत'पाशी अडखळले, तरी शेवटपर्यंत वाचलं.

ते थांबले. नळाचं पाणी ठिबकत होतं. शेजारी कोणीतरी खुर्ची सरकवली. आवाज आला नाही. त्यांनी आणखी थोडी वाट पाहिली. आता तो यावा, हसावा, काहीही म्हणावा, असं त्यांना फार वाटलं. शेवटी त्यांनी कार्ड खिशात घातलं आणि चपला चढवल्या.

पाचाला दहा कमी असताना त्यांनी कार्ड संपादिकाबाईंच्या टेबलावर ठेवलं. बाईंनी वाचलं, चष्मा वर सरकवला.

"चांगलं आहे की हो काका! पण एक विचारू? एरवी बोलताना 'उत्कट' म्हणतं का कोणी?"

"म्हणतं," वाक्यवाले म्हणाले. "मी ऐकलंय."

बाईंनी कार्ड उलटलं. "मागचं राहिलंय बघा. तुमचं ते नेहमीचं 'घरी' लिहा, की गठ्ठा बांधायला देते."

त्यांनी खिशातून पेन काढलं. सवयीनं 'घ' उमटला. मग पेन थांबलं. त्यांनी तो 'घ' नीट खोडला, आणि शेजारी लिहिलं: दवाखान्यात.