तीस नॉट

गोदीत सगळे तिला मावशीच म्हणत, अधिकारीसुद्धा. जहाजांचे पंखे फिरवणाऱ्या शाफ्टची बेअरिंगं बसवण्यात तिची सत्तावीस वर्षं गेली होती. दुरुस्तीला आलेल्या विमानवाहू जहाजाची चारही मोठी बेअरिंगं तिनेच बसवली, म्हणून समुद्रातल्या चाचणीला तिलाही नेलं.

निघताना धाकट्या भावाने विचारलं, "ताई, किती पळतं गं ते?"

"तीस नॉट. ताशी पंचावन्न किलोमीटर."

"एवढंच? माझी स्कूटर जास्त पळते!"

"तुझ्या स्कूटरवर तीस विमानं चढव, मग बोलू," ती म्हणाली.

सकाळी दहाला वेग वाढवायला सुरुवात झाली. वीस, चोवीस, सत्तावीस. जहाजाच्या पोटातल्या तळघरासारख्या लांबलचक बोळात, जाडजूड फिरत्या शाफ्टशेजारी मावशी उभी होती. अठ्ठावीसला तिसऱ्या बेअरिंगच्या तापमानाचा काटा चढू लागला. तरुण इंजिनिअरचा चेहरा पडला. त्याने फोन उचलला, "चाचणी थांबवावी लागेल."

"थांब जरा," मावशी म्हणाली. तिने बेअरिंगच्या आवरणावर लोखंडी सळई टेकवली, दुसरं टोक कानाला लावलं आणि डोळे मिटले. घरघर एकसारखी होती. कुठे खरखर नाही, ठोका नाही.

"नवं आहे, अंग बसवतंय. तेल वाढव, वेग आहे तेवढाच ठेव. वीस मिनिटं दे. काटा लाल रेघेला टेकला, तर मीच थांबवायला सांगेन."

फोनवर कप्तानाने विचारलं, "कोण म्हणतंय हे?"

"मावशी."

"मग देऊ वीस मिनिटं."

ती वीस मिनिटं मावशीने काट्यावरची नजर हलवली नाही. लाल रेघेच्या दोन घरं अलीकडे काटा थबकला आणि हळूहळू उतरू लागला. इंजिनिअरने एवढा मोठा सुस्कारा सोडला, की तिला हसू फुटलं.

साडेअकराला जहाजाने तीस गाठले.

कप्तानाने तिला वर बोलावलं. मनोऱ्याच्या कठड्यामागे पाय ठेवताच वाऱ्याने तिला भिंतीशी दाबलं. खरं तर समुद्रावर त्या दिवशी वाऱ्याची झुळूकही नव्हती.

"हा वारा आपलाच," कप्तान ओरडून म्हणाला. "जहाज जितकं पळेल, तितका विमानाला समोरून मिळतो. धावपट्टी एवढीशी, या वाऱ्याच्या जोरावरच वर उठतं ते."

तेवढ्यात एक विमान गर्जत सुटलं आणि टोकावरून अलगद वर गेलं. मावशी आ वासून बघत राहिली. आजवर तिने जहाजं जागेवर उभीच पाहिली होती. चाळीस हजार टनांचं हे धूड तिच्या पायाखाली असं धावत होतं, आणि पाण्यावर मागे क्षितिजापर्यंत पांढरा पट्टा उमटला होता.

"कशी वाटली चाल?" कप्तानाने विचारलं.

"देखणी," ती म्हणाली. डोळ्यांतलं पाणी वाऱ्याच्या माथी मारून तिने पदराने पुसलं.